आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

माझी तान्ही लेक रेवती झोपली की मी भयपट पाहते. दुपारी, पडदे ओढून, मोबाईलचा आवाज बंद करून. इअरफोन लावायची सोय नाही. ती कुशीवर वळून कुरकुरली तर मला ऐकू यायला हवं.

मोठ्या बॅनरचे भयपट मला आवडत नाहीत. त्यांत भूत इतकं नीटनेटकं असतं की त्याच्या मेकअपचंच कौतुक करत बसावं. मला आवडतात ते कुणी न ऐकलेले, उसन्या कॅमेऱ्यावर काढलेले. राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते? दिसू दे. पण त्यातली पोरगी थरथरते तेव्हा खरंच थरथरत असते, कारण शूटिंग जानेवारीतलं असतं आणि तिला शाल द्यायचं कुणाला सुचलेलं नसतं.

हे कळणारा एकच माणूस माझ्या ओळखीत होता, उन्मेष. आमच्या दोघांचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, क्वार्टर्स शेजारशेजारी. कॉलेजात असताना कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडा खात आम्ही असल्या सिनेमांवरून भांडायचो. मग माझं लग्न झालं, मी नोएडाला आले, रेवती झाली, तरी नियम तोच राहिला. दोघांनी आपापल्या घरी एकच सिनेमा पाहायचा आणि त्याबद्दल कुठेही काही वाचायच्या आधी एकमेकांना व्हॉइस नोट पाठवायची. मी बाल्कनीत जाऊन कुजबुजायचे. त्याचं उत्तर लगेच यायचं, "यार तनू, त्या सीनला माझीपण फाटली!"

तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. माझा नवरा मानस उजाडताच मानेसरच्या कंपनी बसने जातो आणि परततो तो जेवता जेवता पेंगतच. मधल्या सगळ्या वेळात माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलणारं कुणी असेल, तर ते उन्मेषचं हे एक वाक्य.

गेल्या महिन्यात आम्ही 'भट्टी के उस पार' निवडला. त्यात एक बाई वीटभट्टीच्या धुरात उभी राहते आणि तोंड उघडते. खाली सबटायटल्स येत होती, तिथे काहीच आलं नाही. मी भारावून नोट पाठवली, "दिग्दर्शकाने तिला किंचाळूच दिलं नाही रे! बाईचं तोंड उघडं आहे आणि जगाला ऐकू येत नाहीये. आणखी काय भीती दाखवायची?" आवाज आपणच बंद केलाय, हे डोक्यातच आलं नाही. इतक्या सगळ्या दुपारी तसं पाहिलं की सगळे सिनेमे मुकेच वाटायला लागतात.

रविवारी मानस मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला. "अगं, हा तुझा उन्मेष ना? चॅनल काढलंय की त्याने."

पडद्यावर उन्मेष ऐटीत हिंदीत बोलत होता. "डायरेक्टर ने उसे चीखने ही नहीं दिया, दोस्तों..." मग माझ्या जुन्या नोट्समधला जानेवारी आला, शाल आली.

"हे तर तू बोलतेस तसंच," मानस म्हणाला. "तुझं नाव कुठे घेतो ते बघू." नाव कुठेच नव्हतं.

खाली लोक तुटून पडले होते. 'भाई, फिल्म देखी भी है? वो औरत कितना चिल्लाती है!'

मी सिनेमा काढला, आवाज मोठा केला. ती बाई अशी किंचाळली की रेवती दचकून रडायला लागली. तिला थोपटत होते तेवढ्यात उन्मेषचाच फोन आला.

"काय यार तनू! तोंडावर पाडलंस मला."

"तू माझं बोलणं घेतलंस. विचारायचं तरी."

"अगं, तुला कुठे वेळ आहे हे सगळं करायला? वायाच जात होतं ना?"

राग आला, पण त्याच्यामागून दुसरंच काहीतरी वर येत होतं. "उन्मेष, तू पाहिलास ना सिनेमा? मग ती किंचाळते हे तुला कसं नाही कळलं?"

"अगं, ते सोड ना."

"बोल ना."

"खरं सांगू? कॉलेज संपल्यापासून मी हे असले पिक्चर बघतच नाही. कोण बसणार बघत? तू इतकं छान सांगतेस की बघायची गरजच पडत नाही."

"आणि तुझी फाटायची ती?"

"तुला बरं वाटायचं ना. म्हणून म्हणायचो."

रेवती हुंदके देत माझी बट ओढत होती. मी तिच्या मुठीतून केस सोडवत राहिले.

"आता एक कर ना," तो म्हणाला. "ती चीख कशी आहे ते नीट सांग. मी म्हणेन, मुद्दाम गंमत केली होती. थांब, रेकॉर्डिंग लावतो."

"सिनेमा बघ," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग त्या व्हिडिओखाली लिहिलं, 'फिल्म मैंने म्यूट पर देखी थी, बेटी सो रही थी। गलती मेरी है। बाकी सारी बातें भी मेरी हैं।' खाली पूर्ण नाव टाकलं.

संध्याकाळी मानसने पुन्हा उघडून पाहिलं. "तनया, तुझी कॉमेंट उडवली त्याने. मी लिहू का? तुझी वाक्यं चोरतो म्हणजे काय!"

"वाक्यं पुन्हा सुचतील रे," मी म्हटलं. "पण इतकी वर्षं मी एकटीच बघत होते." रेवतीला त्याच्या हातात दिलं आणि दूध गरम करायला गेले.