पितृलोकाचं झाकण

पंचवटीतल्या त्या मंगल कार्यालयात दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. घोटीपासून चांदवडपर्यंतची माणसं येत आणि आपापला मोबाइल आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून बसत. कारण अनामबाबांच्या दरबारात मेलेली माणसं पत्र पाठवत. तेही फाइल करून!

"कावळ्याची वाट कशाला बघता?" बाबा माइकवर गरजत. "ना कंपनी, ना सर्व्हर, ना मालक! पितृलोकातून थेट तुमच्या मोबाइलात! कुठून आलं ते पोलिसांनी शोधून दाखवावं!"

पडद्यावर क्यूआर कोड झळके. शिष्यांनी भक्तांच्या मोबाइलात आधीच टाकून दिलेल्या ॲपनं तो टिपला की पत्र उतरे. एकदा उतरलं की कोडमधला तो पत्ता पुन्हा कुणालाच उघडत नसे. "पितर एकदाच बोलतात," बाबा सांगत, आणि अख्खं सभागृह हात जोडी.

पूजा निफाडच्या शाळेत संगणक शिकवायची. एरवी ती या प्रकाराला पोट धरून हसली असती, पण तिची आई कुसाबाईच त्या जाळ्यात अडकली होती. वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं, पण कुसाबाईच्या मनात ते सलत राहिलं. यांची कसली इच्छा राहिली? बाबांच्या दरबारात उत्तर उतरलं: 'कुसे, सुया टोचणं सोड. बाबांचं तीर्थ घे.' कुसाबाईनं इन्सुलिन बंद केलं. साखर चढत गेली, चकरा येऊ लागल्या. असंच चाललं तर आई हातची जाईल, असं डॉक्टरांनी पूजाला स्पष्ट सांगितलं.

"आई, डॉक्टरांचं तरी ऐक."

"डाक्टरचं काय घेऊन बसली? हे सोता बोलले ना मला. त्यांची इच्छा मोडू का मी?"

भांडण्यात अर्थ नव्हता. पुढच्या गुरुवारी पूजा आईबरोबर गेली. कुसाबाई पुढे जाऊन बसली, तेवढ्यात संतोष नावाचा एक शिष्य चहा घेऊन आला.

"घ्या ताई. वडील गेले म्हणे? लय वाईट झालं. कसे होते स्वभावानं?"

पूजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईनं याच चहावर अख्खं घर सांगून टाकलं असणार. तिनं डोळ्यांना ओढणी लावली.

"काय सांगू, दादा! त्यांचा सगळा जीव त्यांच्या पांढऱ्या घोडीवर."

तासाभरात कुसाबाईचं नाव पुकारलं. पत्र उतरलं. रिवाजाप्रमाणे ते माइकवर वाचलं गेलं: 'कुसे, मी सुखात आहे. माझी पांढरी घोडीही इथं भेटली.'

"घोडी?" कुसाबाई ताडकन उठली. "कुठली घोडी? आमच्याकडं ट्रॅक्टर हाय!"

"माताजी, मागच्या जन्मातली..." बाबा चाचरले. मागच्या रांगेत खसखस पिकली.

तेवढ्यात फुलाबाई नावाच्या दुसऱ्या एका भक्तिणीची पाळी आली. त्यांनी कोड टिपला. पूजा सरळ व्यासपीठावर चढली आणि तिनं बाबांच्या गादीशेजारच्या लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. फुलाबाईंच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"पितर कोपले!" बाबा किंचाळले.

"थांबा, समजूत काढते." पूजानं झाकण उघडलं. थोड्या वेळानं फुलाबाईंचं पत्र सुखरूप उतरलं.

"पितृलोक ह्या झाकणाखाली आहे," पूजा माइकवर म्हणाली. "पत्र ह्याच लॅपटॉपवर लिहितात आणि इथूनच वाटतात. मधे कंपनी नाही, हे खरंच आहे. फाइल पाठवणाऱ्याच्या संगणकावरच राहते, आणि ती तुमच्यापर्यंत अशा आडवळणांनी येते की पाठवणारा कोण ते कळत नाही. एकदा उतरली की वाटप बंद, ही तर साधी सोय आहे. साधन चांगलं आहे हो! भ्रष्टाचाराची कागदपत्रं जीव मुठीत धरून पत्रकारांना देणाऱ्यांसाठी ते केलंय. पण पाठवणारा दिसत नाही, म्हणून तो देव होत नाही. आपल्याला दिसू नये अशी ज्याची धडपड असते, त्याला आधी विचारा, का रे बाबा?"

विचारायला बाबा उरलेच नव्हते. ते आणि संतोष मागच्या दारानं पसार झाले होते, लॅपटॉप तिथंच टाकून.

घरी आल्यावर कुसाबाई भिंतीला टेकून बसली.

"मंग कावळा का नाय शिवला गं?"

"घाटावर त्या दिवशी केवढे पिंड होते, आई. कावळ्यांची पोटं भरलेली असतील."

"आन् त्यांची इच्छा?"

"तूच आठव. तुला रोज सकाळी सुई कोण टोचायचं?"

कुसाबाईचे डोळे भरून आले. "हेच की. शेतावर जायची घाई असली तरी आधी सुई. मी कुरकुरले तर रागवायचे." तिनं पदरानं डोळे पुसले आणि फ्रिजकडे बोट केलं.

"काढ ती बाटली. आन् हळू टोच, त्यांचा हात लय हलका होता."