पॉज ओळखणारा माणूस

“‘त्रास’ लिहू की ‘उपद्रव’?” कुजबुजकाकांनी पेन उचलून विचारले.

“जे जोरात लागेल ते लिहा,” औषधवाला म्हणाला.

“मग उपद्रवच,” काका म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी इतक्या देखण्या वळणात उतरवला की उपद्रवालाही स्वतःचा अभिमान वाटावा.

औषधवाल्याचे घर वसाहतीच्या सभागृहाच्या बरोब्बर वर होते. आई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. आणि खाली हौशी नाटक मंडळ आठवड्यातून चार संध्याकाळी तालमीत भांडे, रडे, मरे, आणि ‘पुन्हा एकदा’ अशी हाक आली की उठून पुन्हा मरे. म्हातारी दर मरणाला दचकून जागी होई. तक्रार खरी होती. म्हणून तर मागच्या आठवड्यात पहिला अर्ज काकांनीच लिहून दिला होता : तालीम आठला संपावी, खिडक्या बंद असाव्यात. वास्तविक काका त्याच मंडळाचे तीस वर्षांचे प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्ये पुरवायची. नाव पडले ते त्यावरूनच. पण सगळी नोकरी आवक-जावक विभागात गेलेल्या माणसाला समोर आलेल्या कागदाला नाही म्हणता येत नाही.

आजचा मसुदा मात्र नगरसेवकांच्या हातून फिरून आला होता. त्यातून खिडक्या गेल्या होत्या, आठची वेळ गेली होती. उरली होती एकच मागणी : तालमी कायमच्या बंद करून सभागृह नागरिक सुविधा केंद्रासाठी द्यावे. त्या केंद्रात कोणाचे कार्यालय थाटले जाणार, हे मसुद्यात नव्हते; वसाहतीतल्या कुत्र्यांनाही ते ठाऊक होते.

“हे तुझं मागणं नाही,” काका म्हणाले.

“नाहीच. पण साहेब म्हणाले, अर्धं मागितलं की काहीच मिळत नाही. उद्या सभेत मलाच उभं करताहेत. तुम्ही फक्त स्वच्छ उतरवून द्या, काका. तुमच्या अक्षरावरून चटकन पाठ होतं.”

“द्या, द्या,” आतून काकूंचा आवाज आला. “स्वतःच्या पायावर कुऱ्हाडच मारायची, तर निदान सुवाच्य अक्षरात मारा!”

काकांनी उतरवून दिले. नक्कल करणाऱ्याला मत नसते, अशी त्यांची समजूत होती. असल्याच समजुतींच्या बळावर जगातली पुष्कळशी दुष्कृत्ये वेळेवर आणि खाडाखोडीविना पार पडत आली आहेत.

रविवारी सकाळी सभागृह भरले. मंडळाची दिग्दर्शिका, पेशाने दातांची डॉक्टर, हिने पहिल्या रांगेत काकांसाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. “बसा काका. आठची वेळ मागितली तर आपण लगेच हो म्हणू,” ती म्हणाली. काकांनी मान हलवली. नवा मसुदा तिला ठाऊक नव्हता, आणि तो सांगण्याइतके धैर्य काकांजवळ नव्हते.

आधी नगरसेवक बोलले. नाटक हा समाजाचा आरसा, आणि आपण हौशी रंगभूमीचे आजन्म पाठीराखे. आजवर एकही प्रयोग त्यांनी छायाचित्र निघाल्यानंतर पाहिलेला नव्हता. पण पाठीराखेपणाला नाटक बघावे लागते, असा नियम कुठे आहे? मग ‘परंतु’ आला. नागरिकांच्या भावना आल्या. औषधवाल्याला पुढे बोलावून त्यांनी त्याच्या हातचा कागद काढून घेतला. “कागद कशाला? मनातलं बोला.”

औषधवाला आईविषयी चांगला बोलला. मग म्हणाला, “म्हणून आमची एकच मागणी आहे की...” आणि थांबला.

त्याची नजर पहिल्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंवर होती. आईला दवाखान्यात नेता येईना, तेव्हा याच बाईने वर येऊन, पलंगाशी गुडघे टेकून म्हातारीची दाढ काढली होती.

वाक्य पुरवणे कोणालाही जमते. न पुरवणे ही खरी विद्या. विसरलेल्या नटाची नजर छताला लागते, पॉज घेणाऱ्याची कोणावर तरी ठरते. ती नजर ओळखून तोंड मिटून बसणे, एवढीच काकांची आयुष्याची कमाई. तीस वर्षांत त्यांनी एकही पॉज मोडला नव्हता.

पंखा फिरत होता. कोणीतरी खोकले. काकांचे ओठ हलले.

“तालमी कायमच्या बंद करून...”

मागून धक्का बसावा तसा औषधवाला हलला, आणि पाठ केलेले उरलेले वाक्य त्याच्या तोंडून घरंगळत बाहेर पडले. टाळ्या झाल्या. त्या विरायच्या आत नगरसेवकांनी हात वर करायला सांगितले. हातांचे रान उगवले.

“काका?” डॉक्टरीणबाई एवढेच म्हणाल्या.

औषधवाला खाली उतरला आणि काकांच्या कानाशी वाकला. “मला आठवत होतं, काका. मी आठ वाजताचंच मागणार होतो. धीर गोळा करत होतो.”

“मग मागायचं होतंस!”

“तुम्हीच पुढचं बोललात ना. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मान्यच केलंय.”

“आणि आता,” नगरसेवकांचा आवाज घुमला, “या सभागृहात तीस वर्षं निष्ठेनं झिजलेल्या आपल्या काकांनी दोन शब्द बोलावेत!”

काका वर चढले. रंगमंचाच्या मध्यावर, लोकांकडे तोंड करून ते आयुष्यात प्रथमच उभे होते. माइक नगरसेवकांच्या उंचीला लावलेला, त्यांच्या कपाळाच्याही वर.

“चूक माझी झाली,” काका म्हणाले. “मतदान पुन्हा घ्या.”

“मोठ्यानं बोला!” मागून कोणी ओरडले.

काकांनी छाती भरून घेतली आणि तेच पुन्हा म्हटले. पण सहा हातांपलीकडे जाऊ नये म्हणून तीस वर्षे दाबलेला आवाज सहा हातांवरच थांबला.

“गहिवरलेत!” नगरसेवक म्हणाले, आणि टाळ्यांना त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाईंना दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आले होते. त्यांनी मांडीवरची पर्स उचलली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.