नेकबख्तने शाळेत वाचलं तेव्हा

माझी भावजय नेकबख्त आमचा डोंगरातला मुलूख सोडून इथे परदेशात, डँडेनाँगला आली तेव्हा तिला कुठल्याच भाषेत अक्षर वाचता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं आणि अजून नीट येत नाही, म्हणून तिला हसायचा मला काही हक्क नव्हता. तरी मी हसले. नणंद आहे मी.

शनिवारी सकाळी वाचनालयात आई-मुलांचा वर्ग भरायचा. आधी आया एकट्या अक्षरं गिरवायच्या, मग मुलं आत यायची आणि प्रत्येक मूल आपल्या आईला चिकटून तिच्याबरोबर पुस्तक वाचायचं. ग्लेनिस नावाच्या बाई शिकवायच्या. त्यांचं म्हणणं एकच, "वाचता येत नसेल तर चित्र बघून सांगा, तुमच्या भाषेत सांगा, पण मांडीवर पुस्तक हवंच."

नेकबख्त शकीबाला घेऊन जायची. शकीबा आठ वर्षांची, इंग्रजी फाडफाड. पहिलं वर्षभर लेक आईला वाचून दाखवायची. मग हळूहळू आई वाचायला लागली आणि लेक चुका काढायला लागली. घरी मी कणीक मळत असायचे आणि या दोघींचं चाललेलं असायचं.

"आई, इस्कूल नाही, स्कूल! आधी इ लावू नकोस."

"माझी जीभ जिना चढल्याशिवाय वर जात नाही, मी काय करू?"

एक दिवस शाळेच्या फाटकाशी शकीबाच्या वर्गशिक्षकांनी, मिस्टर डोनेलींनी, विचारलं की दर शुक्रवारी एक पालक वर्गात येऊन गोष्ट वाचतो, या वेळी कोण येईल? आजूबाजूच्या बायका बुटांकडे बघायला लागल्या. नेकबख्तने हात वर केला.

घरी येऊन दार लागल्यावर शकीबा फुटलीच.

"तू येऊ नकोस! सगळे हसतील. तू स्ट्रीटला इस्ट्रीट म्हणतेस!"

"म्हणते. पण इस्ट्रीटवरून चालत बरोबर घरी पोचते ना?"

"अडखळलीस तर?"

"तर उठून पुढे चालेन. तू चालायला शिकलीस तेव्हा काय करत होतीस?"

शकीबा रडत आत गेली. मी म्हटलं, "अगं, पोरीची अब्रू आहे. नाही म्हणून टाक. पोटात दुखतंय म्हणावं."

"आपा, पोट माझं ठणठणीत आहे," ती म्हणाली. "आज मी दडले तर पोरगी जन्मभर मला दडवत फिरेल. ते मला नको."

मी बोलाणीच्या लाटलेल्या पारीत बटाटा भरत राहिले.

ग्लेनिसबाईंनी एक चित्रांचं पुस्तक काढून दिलं. वॉम्बॅट नावाचा इथला एक गुबगुबीत प्राणी पोस्टमनच्या घराखाली बीळ खणतो, अशी गोष्ट. नेकबख्तने ते चुलीपाशी वाचलं, बसथांब्यावर वाचलं, माझा भाऊ खादिम फरश्या बसवून दमून आला की त्याच्या उशाशी वाचलं. "बाई गं, त्या प्राण्याला आता झोपू दे आणि मलाही," तो म्हणायचा.

शुक्रवारी मी सोबत गेले. मुलं खाली सतरंजीवर बसली होती. शकीबा सगळ्यात मागे, गुडघ्यात तोंड खुपसून. नेकबख्त खुर्चीवर बसली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि सुरू झाली. सावकाश, पण ठणठणीत आवाजात. 'इस्ट्रीट' आला तसे पुढचे दोघे खुसखुसले. ती थांबली नाही.

मग मधल्याच एका पानावर थांबली. एका शब्दावर बोट ठेवलं, ओठ हलवले, काही जमेना. मिस्टर डोनेली मदतीला पुढे झाले. तिने हात करून त्यांना थांबवलं.

तिने पुस्तक मुलांकडे फिरवलं. आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, "हा शब्द बघा. किती अक्षरं बसलीत! यातली निम्मी तिकीट न काढता चढलीत, काही काम करत नाहीत. कुणाला माहितेय हा काय म्हणतो?"

"थ्रू!" वीसेक पोरं एकदम ओरडली.

"थ्रू," ती म्हणाली. "मग हे जी आणि एच कशाला?"

"आम्हाला पण नाही माहीत!" एक मुलगी ओरडली आणि वर्ग खो खो हसला. या वेळचं हसू त्या शब्दावर होतं. पुढे जिथे अडेल तिथे ती पुस्तक फिरवायची आणि मुलं हात वर करकरून सांगायची. खुसखुसणारे दोघे तर गुडघ्यांवर उभे राहिले.

गोष्ट संपल्यावर एकाने विचारलं, "तुमच्या देशात वॉम्बॅट असतात?"

"नाही. पण आमच्या जागोरीच्या डोंगरात एक जाडा प्राणी असतो. तोही बीळ खणतो. माणूस दिसला की बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहतो आणि..."

नेकबख्तने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की शेजारच्या वर्गातल्या बाई दार उघडून बघायला आल्या. मग काय, अख्खा वर्ग शिट्ट्या मारायला लागला. शकीबाने मान वर केली होती. तोंड उघडं.

घरी जाताना ती आमच्या चार पावलं पुढे चालत होती. रुसली आहे असंच मला वाटलं. कोपऱ्यावर गर्रकन वळून म्हणाली, "तुला शिट्टी येते हे मला कधीच सांगितलं नाहीस!"

"तू विचारलंस कधी?"

"अजून काय काय येतं तुला?"

"शेळीचं दूध काढता येतं. भिंत लिंपता येते. आणि आता थ्रू वाचता येतं."

"थोडंसं अडखळत," शकीबा म्हणाली आणि आईचा हात धरला. रात्री अंथरुणात दोघी शिट्टीचा सराव करत होत्या, खादिमने भिंतीवर मूठ आपटेपर्यंत.

पुढच्या शुक्रवारी एका मुलाचे व्हिएतनामी आजोबा वाचायला गेले, त्याच्या पुढच्या शुक्रवारी सुदानच्या एक बाई. दोघांनीही अडल्यावर पुस्तक फिरवलं म्हणे.

आणि मी? शनिवारी नेकबख्तने माझी ओढणी माझ्या हातात दिली, शकीबाने माझे बूट पुढे ठेवले. वर्गात ग्लेनिसबाईंनी मला पेन्सिल दिली. मी ती धरली आणि शेजारून लगेच भावजयीचा आवाज आला,

"आपा, लाटणं नाहीये ते. जरा हलक्या हाताने."