खुडूक कोंबडीखाली टिटवी

बंधाऱ्याला ढापं टाकायचं काम आमच्या घरधन्याकडं, मालकांकडं. वरनं धरणाचं पाणी सुटलं की ते लोखंडी ढापं बंधाऱ्याच्या खणांत बसवायचं आणि नीरा काठोकाठ तुंबवायची. त्या सकाळी गाव गोळा झालं. "गेणबा, टाका ढापं. ऊस करपाय लागला."

मी म्हणलं, "मालक, एक दिस थांबा. वाळूवर टिटवीची चार अंडी हायत. आतनं पिलांचा आवाज येतुया."

मालक हसलं. "टिटवीनं म्हणं समुद्र आटवला हुता. सांग तिला, आमचा बंधाराबी आटीव."

असा राग आला! पण त्याच पाण्यावर आमचाबी ऊस उभा. मग साडी खोचली, वाळूत गेले, अंडी पदरात घेतली आणि वस्तीवर आणून खुडूक कोंबडीखाली ठेवली. बदकाची अंडी मी कितीदा अशी उबवल्यात. टिटवीचं जोडपं ओरडत माझ्या मागनं वस्तीपतूर आलं. म्हणलं, बरं झालं, पत्ता कळला.

दुसऱ्या दिवशी पिलं निघाली. मातीच्या रंगाची, काटकुळ्या पायांची. कोंबडी उकरून उकरून बोलवती, तर ही आपली जाग्यावर दबून बसलेली. एक किडा टिपंनात. वर पत्र्यावर त्यांची आई बोंबलत हुती, आणि ती बोंबलती तवर पिलं उठायची न्हाईत. बरं, ती बोंबलती कशापायी? तर अंगणात कुत्रं, कोंबड्या आणि मी! करायला गेले गणपती, झाला मारुती.

शेजारची सरुबाई आली. "कुशे, घरावर टिटवी ओरडणं बरं न्हवं. फेकून दे ती पिलं."

"तुझ्या तोंडात किडं पडू देत!" म्हणलं आणि तिला वाटंला लावली.

दुपार कलली तसं एका पिलानं मान टाकली. उरलेली तीन पाटीत घालून नदीवर धावले. पण सोडू कुठं? वाळू बुडाली, चिखल बुडाला, आणि पाण्याला लागून जिकडं बघावं तिकडं ऊस. एवढी मोठी नदी, आणि पिलू ठेवाय हातभर जागा न्हाय! मग कोयता घेतला आणि काठाचा आमचाच ऊस सपासप तोडाय लागले. तोडणीला अजून कैक म्हयनं हुतं. तुटू दे, म्हणलं. बाजंएवढी जागा मोकळी केली, पाचट सारलं, पिलं ठेवली.

टिटवी आली ती माझ्याच डोक्यावर झेपावली. मागं सरले, तरी ओरडतीच. शेवटी उसात शिरून खाली बसले, तवा कुठं गप झाली. पिलं उठली आणि तुरुतुरु तिच्याकडं पळाली. मला रडूच फुटलं. एवढं केलं, आणि तिला भ्या माझंच!

आता जरा पाय हलवला, ऊस सळसळला, की ती ओरडायची आणि पिलं पुन्हा दबायची. मान पाचटानं कापत हुती, पायाला मुंग्या आल्या, पण उठायची सोय न्हवती.

वस्तीवरनं मालकांची हाक आली. "कुशे! अगं ए कुशे!" मग दुसरी आली, घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, नदीच्या बाजूनं.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पिलं आत्ता कुठं टिपाय लागली हुती.