ज्या धुऱ्यावर किटली

गोमाजीच्या पऱ्ह्यांचा, म्हणजे त्यानं वाढवलेल्या रोपांचा, धान दिवाळीनंतर कृष्णरावाच्या अंगणात उतरला, पोत्यांत भरला गेला आणि पोत्यांची तोंडं शिवूनही झाली. झालं. आता हे झालंच नाही असं समजून चला. मोहाडीजवळच्या त्या गावात सगळे असंच समजून चालतात आणि कोणाचं फारसं अडत नाही. अडलं ते फक्त अमरचं.

अमर हा गोमाजीचा मुलगा. लाखनीला हायवेवरच्या एका दुकानात मोबाईल दुरुस्त करायचा. ट्रकवाल्यांचे पाण्यात पडलेले फोन तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा. शेतीशी त्याचा एवढाच संबंध उरला होता.

ऐन रोवण्याच्या, धानाच्या लावणीच्या, तोंडावर गोमाजीचा पाय मोडला. धानाच्या खाचराला इकडे बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. बांधीच्या ज्या धुऱ्यावरून तो आयुष्यभर डोळे मिटून चालला होता, त्याच धुऱ्यावरून एका सकाळी डोळे उघडे ठेवून चालताना घसरला. पाय प्लास्टरमध्ये गेला, गोमाजी खाटेवर गेला, त्याची बायको शकुंतलाबाई खाटेच्या पायथ्याशी गेली आणि अमरला फोन गेला. घरची बांधी एकच. वर्षभराचा तांदूळ तीच द्यायची. पऱ्हे लावणीला आले होते. आता रोवले नाहीत तर वाफ्यातच जून होऊन जाणार होते. गोमाजीनं जन्मात तांदूळ विकत आणला नव्हता. दुसरी कसली ऐट त्याच्याकडे नव्हती, म्हणून ही त्यानं फार जपली होती.

रोवणा करणाऱ्या बायांची टोळी वच्छलाबाईची. या टोळीचा एक कायदा होता. मालकानं चहाची किटली ज्या धुऱ्यावर ठेवली, त्या धुऱ्याखालच्या बांधीत उतरायचं. विचारायचं नाही. पूर्वी एकदा विचारलं होतं. तेव्हा दोन भावांनी धुऱ्यावर उभं राहून आपापली वाटणी बायांना समजावून सांगितली, आणि बाया संध्याकाळपर्यंत हातात पऱ्हे धरून ऐकत बसल्या. तेव्हापासून वच्छलाबाईनं न्यायदान किटलीकडे सोपवलं होतं.

हे गोमाजीला माहीत होतं, शकुंतलाबाईला माहीत होतं, गावातल्या कुत्र्यांनाही माहीत असावं. अमरला कोणी सांगितलं नाही, कारण हे कोणाला सांगावं लागतं, असंच कोणाला वाटलं नव्हतं.

तो किटली घेऊन निघाला आणि वाटेत दुकानाच्या शेठचा फोन आला. शेठ विचारत होता की परत कधी येतोस, आणि आवाज तुटत होता. त्या शिवारात नेटवर्क यायचं ते एकाच जागी, पूर्वेला शेजारी असलेल्या कृष्णरावाच्या उंच धुऱ्यावर. अमर तिथं चढला, दुसरा हात कानावर ठेवायला मोकळा हवा म्हणून किटली खाली ठेवली, आणि नोकरी वाचवायच्या उद्योगाला लागला. नोकरी काही वाचली नाही. शेठनं दुसरा पोरगा ठेवला होता, तो म्हणे फोन तांदळात न घालताच सुकवायचा.

अमर फोन बंद करून बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिला. खाली पाहिलं तेव्हा बाया चहा पिऊन बांधीत उतरल्या होत्या, गोमाजीच्या वाफ्यातल्या पऱ्ह्यांच्या जुड्या चिखलात पडल्या होत्या आणि अर्धी बांधी हिरवी झाली होती. त्याला ते दृश्य फार आवडलं. आपल्याला शेती जमते, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. त्यानं फोटो काढला.

कृष्णरावाची बांधीही चिखल करून तयारच होती. त्याचे पऱ्हे रानडुकरांनी नासवले होते आणि यंदा बांधी पडीक ठेवायची असं ठरवून तो घरी बसला होता. संध्याकाळी तो म्हैस घेऊन तिकडून चालला आणि थांबला. म्हैसही थांबली. दोघांनी हिरव्यागार बांधीकडे पाहिलं.

इथं सांगायला हवं, की कृष्णराव गोमाजीच्या घरातल्या कोणाशी बोलत नव्हता. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटक असतं. एका सालच्या नाटकात कृष्णराव राजा झाला होता, आणि दरबारात त्याची मिशी गळून पडली. पुढच्या रांगेतला गोमाजी उठला, मिशी उचलली, झटकली आणि स्टेजवर नेऊन अदबीनं त्याच्या हातात दिली. गोमाजीनं ते मदत म्हणून केलं होतं. पण हसणारं पब्लिक तेवढ्या बारकाव्यात शिरत नाही. तेव्हापासून कृष्णराव त्या घराशी बोलायचा तो म्हशीच्या मार्फत.

"म्हशी," तो म्हणाला, "याले विचार, मी रोवणा सांगतलो होतो का?"

म्हशीनं अमरकडे पाहिलं. अमरनं धुऱ्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या धुऱ्याकडे, मग त्यापलीकडच्या रिकाम्या, चिखल करून तयार ठेवलेल्या, आपल्या बांधीकडे.

तो धावत वच्छलाबाईकडे गेला. ती विहिरीवर पाय धूत होती. त्यानं विनवलं, की मावशी, उद्याच्या उद्या उपटा आणि आमच्या बांधीत लावा, अजून मूळ धरलं नाही.

"उद्या आमी सिहोऱ्याकडं हावो गा. सारे दिवस बोलून ठेवले हायेत," ती म्हणाली. "अन् लावलेला उपटाले हात उठत नाही बाप्पा. किटली काहून ठेवली तिथं?"

"नेटवर्क नव्हतं, मावशी."

तिनं पाय धुवायचे थांबवले आणि त्याच्याकडे अशा मायेनं पाहिलं, की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं एकट्यानं उपटायचं ठरवलं. पहाटे बांधीत उतरला तर धुऱ्यावर कृष्णराव म्हशीला समजावत होता की दुसऱ्याच्या शेतातलं पीक उपटणं हा गुन्हा आहे. अमर तलाठ्याकडे गेला. तलाठी भला माणूस होता. त्यानं सांगितलं की सातबारा जमिनीचा असतो, पऱ्ह्यांचा नसतो. गावातल्या जाणत्या माणसांनी बसून विचार केला आणि ठरवलं की गोमाजी आजारी आहे, त्याला धक्का बसेल, तेव्हा असं काही झालंच नाही. ठराव एकमतानं झाला. चहा अमरकडून.

इकडे खाटेवरून गोमाजी रोज विचारायचा, धान कसा आहे. अमरनं पहिल्या दिवशी तो फोटो दाखवला. गोमाजीनं मोबाईल दूर धरला, जवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला की पाणी धरून ठेवजो. मग रोज नवा फोटो लागायला लागला. फोटो चांगला यायचा तर धान चांगला पाहिजे. म्हणून अमर कृष्णरावाच्या बांधीत पाणी धरू लागला, निंदण करू लागला, खेकड्यांनी पोखरलेला धुरा लिंपू लागला. शेजारी त्याच्या स्वतःच्या बांधीत गवत गुडघ्याएवढं झालं. फोटोत ते येऊ नये म्हणून तो तिरपा उभा राहायचा. शकुंतलाबाईला सगळं ठाऊक होतं. ती रोज भात वाढताना कणगीच्या तळाकडे पाहायची आणि स्वतःच्या ताटात एक घास कमी घ्यायची.

कृष्णराव धुऱ्यावर बसून पाहायचा. एकदा म्हशीला म्हणाला, "असा गडी मले पगार देऊन बी भेटला नसता."

अमरनं म्हशीलाच उत्तर दिलं, की तुझ्या मालकाला म्हणावं, अर्धा तरी दे. म्हैस रवंथ करत राहिली. तिच्या मौनाला कृष्णरावानं मान डोलावली.

प्लास्टर निघालं तेव्हा धान लोंबीवर आला होता. गोमाजीनं घरी पोचताच सांगितलं, की मले बांधीवर ने. अमरनं सांगितलं रस्ता खराब आहे. गोमाजी म्हणाला तो तर माझ्या लग्नातही खराब होता. शकुंतलाबाईनं पोराकडे पाहून तोंड फिरवलं. मग अमरनं बापाला मोटारसायकलवर मागे बसवलं, रस्ता संपला तिथून पुढे पाठीवर घेतलं आणि जिथं फोटो काढायचा तिथंच, कृष्णरावाच्या उंच धुऱ्यावर, नेऊन बसवलं. दुसरीकडे नेण्याची त्याची छाती झाली नाही.

गोमाजीनं एक लोंबी हातात घेतली, चोळली, दाणा दाताखाली फोडला.

"चांगला भरला," तो म्हणाला. मग मान वळवली. पलीकडे गवत उभं होतं. "आपली बांधी या धुऱ्यावरून मी कधी पाहिलीच नोती. इथून लहान दिसते ना?"

अमरनं मोबाईल खिशात घातला.

"पयल्याच फोटोत मागं कृष्णरावाचा पळस होता," गोमाजी म्हणाला. "मले आपला धुरा नाही समजत का?"

"मंग काहून बोलले नाही, बाबा?"

"काय बोलू? तू रोज इतक्या हौसेनं दाखवून राहिला होतास. म्हटलं, घरात एकजण तरी खुश हाय."

मग तो लहान मुलासारखा रडला, आणि अमर रडला. कृष्णराव म्हशीला घेऊन आला होता तो तसाच उभा राहिला. शेवटी कृष्णराव म्हशीला म्हणाला, की चल, आपल्याले इथं काम नाही. आणि गेला. कापणीला आला तो विळा घेऊन आणि बाया घेऊन. अमरच्या घरी एक पेंढीही आली नाही. त्या सालच्या मंडईत त्यानं पुन्हा राजाची भूमिका केली. मिशी या वेळी घट्ट होती.

शकुंतलाबाई पदराखाली पिशवी लपवून दुकानातून तांदूळ आणायला गेली. दुकानदारानं विचारलं, पाहुणे आले का. ती हो म्हणाली. रात्री गोमाजीनं पहिला घास तोंडात घेतला, खूप वेळ चावला आणि ताट बाजूला सरकवलं. म्हणाला, लिही.

अमरनं लिहिलं. अर्ज मोहाडीच्या तहसील कार्यालयात रीतसर दाखल झालेला आहे, त्यावर आवक शिक्काही आहे. शेवटचा परिच्छेद असा:

"तरी मा. तहसीलदार साहेबांनी सदर नकाशात दुरुस्ती करून अर्जदाराची बांधी तिच्यातील गवतासह एक धुरा पूर्वेकडे सरकवून द्यावी. सदर बाब नियमात बसत नसल्यास मोबाईलचे नेटवर्क एक धुरा पश्चिमेकडे सरकवण्यात यावे, व सदर बदल मागील रोवण्याच्या दिवशी सकाळपासून, किटली खाली ठेवण्यापूर्वीच, अंमलात आला होता असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, गोमाजी (डावा अंगठा)."