आधी ओंजळ माणसाची

मी एक जुना दगडी हौद आहे. अकोल्याच्या कापूसबाजारात बैलांची तहान भागवणं, एवढंच माझं काम. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. निजामाच्या मुलखातून, खानदेशातून, नागपूरकडून बैलबंड्यांच्या रांगा लागल्या. विहिरीचं पाणी शेंदून मला भरणारी जयवंता येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करायची. मोठ्या सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

ते एकाला बघवेना. तो स्वतःला धर्मरक्षक म्हणवायचा. कोणत्या धर्माचा ते विचारू नका, त्या धर्मालाच लाज वाटेल. वेगळ्या देवांची माणसं एका हौदावर बैल पाजू लागली, की म्हणे धर्म बुडतो! चेल्यांना सांगायचा, "धर्मासाठी मराले भेवाचं नाही." आणि या शूरानं एका बाजाराच्या दिवशी लपूनछपून माझ्या पाण्यात विष कालवलं. बैल तडफडून मेले. उन्हातान्हात ओंजळभर पाणी प्यायलेले जयवंता आणि गाडीवान वली, तेही मेले. मी दगड, पण मला माझ्याच पाण्याची किळस आली.

पुढच्या बाजाराला माझ्याकडे कोणी फिरकेना. हिंदू गाडीवान एकीकडे, मुसलमान दुसरीकडे, एकमेकांकडे संशयानं बघत उभे. त्या नीचाला हेच तर हवं होतं. तेवढ्यात वलीची बायको कुलसुमबी पुढे आली. तिनं मला घासून धुतलं, ताजं पाणी भरलं आणि सगळ्यांदेखत ओंजळभर प्याली.

"माह्या माणसाले मारलं त्या इख कालवणाऱ्यानं. आता पाणी बी त्याच्याच मर्जीनं प्याचं का आपण?"

तिच्यामागून जयवंताचा भाऊ सहदेव प्याला. मग तिन्ही मुलखांतले गाडीवान प्यायले. सोवळ्यावरून कोणी कुरकुरलं, पण प्यायले. तेव्हापासून रिवाजच पडला. हौदापाशी येईल त्यानं जयवंता आणि वलीचं नाव घ्यायचं, स्वतः ओंजळभर प्यायचं, मगच बैल पाजायचे.

धर्मरक्षक पुन्हा आला. चादरीआडून त्यानं माझ्यात पूड सोडली आणि वळला, तोच कुलसुमबी समोर.

"बाबा, आधी घोटभर घ्या. इथला रिवाज हाय."

"मले... मले आज निर्जळी उपास हाय."

"मंग हौदावर काहून आले?"

सहदेवनं ओंजळ भरून त्याच्या तोंडाशी नेली. लोकांना मरायला शिकवणारा तो वीर मातीत फतकल मारून रडू लागला. "नका पाजू मले! इख हाय त्यात!"

त्याला शिपायांनी नेलं. चेले वऱ्हाडच्या सीमेपलीकडे पळाले. दुसऱ्या राज्यात शिरलो की सुटलो, एवढीच त्या अक्कलशून्यांची अक्कल. पण बंड्यांबरोबर बातमी आधीच पोचली होती. तिन्ही मुलखांत त्यांना कोणी दारात उभं केलं नाही, आणि शेवटी गाडीवानांनीच धरून दिलं.

मित्रांनो, आता मी कोरडा पडलोय. माझ्या कडेवर बसून तुम्ही शेंगा खाता, टरफलं माझ्यात टाकता. टाका, माझी हरकत नाही. फक्त उठताना जयवंता आणि वली, ही दोन नावं घ्या. त्या बाबाचं नाव मला पक्कं आठवतं. ते घेऊन मी माझं तोंड विटाळणार नाही.