सांगून जायचं

"पुढच्या महिन्यापासून मी नाय येणार, हाल्या," संगीताबाई म्हणाल्या. "मी वापीला जाते. माझ्या उमेशकडं."

हाल्याचा हात थांबला नाही. तिशीला टेकलेला तो तरुण मान खाली घालून चिकू सोलत राहिला. सोललेला चिकू त्याने त्यांच्या ताटात ठेवला. फोडी करणं संगीताबाईंचं काम.

मसोलीच्या या केंद्रात गतिमंद आणि स्वमग्न तरुण माणसं दिवसभर येत. चिकूच्या फोडी सुकवून पाकिटं भरत. संगीताबाईंचा उभा जन्म फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंग करण्यात गेला होता. काम सुटलं, घर खायला उठलं, तशा त्या मंगळवारी आणि शुक्रवारी इथे मदतीला येऊ लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. आता डोळे अधू झाले होते, सुरी बोटावर येऊ लागली होती, आणि मुलगा एकटं राहू देईना.

नुसतं निघून जाणं सोपं होतं. मागे नविन नावाचा एक मुलगा असाच मदतीला यायचा. नोकरी लागली आणि काही न सांगता गेला. त्यानंतर हाल्या रोज सायवनहून यायचा आणि केंद्राच्या फाटकाशी बसून राहायचा. आत यायचा नाही, जेवायचा नाही. तो अख्खा पावसाळा संगीताबाई त्याच्या शेजारी मुकाट बसल्या, तेव्हा कुठे तो आत आला. ते पुन्हा आपल्यामुळे होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

म्हणून त्यांनी आपल्या जागी दक्षाबेनला आणलं. डहाणू रोडला तिचं कापडाचं दुकान होतं. बाई मोठी मायाळू. पहिल्याच दिवशी "अरे दीकरा" म्हणत तिने हाल्याच्या पाठीवर हात फिरवला. हाल्या चटका बसल्यासारखा उडाला.

"हात नाय लावायचा त्याला," संगीताबाई म्हणाल्या. "एका वेळी एकच गोष्ट सांगायची, मग गप थांबायचं."

"किती वेळ थांबायचं?"

"त्याला लागेल तेवढा."

हाल्या दक्षाबेनकडे पाठ करून बसू लागला. तिचं ताट जवळ असलं तरी हात लांब करून चिकू संगीताबाईंच्याच ताटात टाकायचा. त्यांना ते गोड वाटायचं. घरी जाताना मात्र स्वतःचीच लाज वाटायची.

एका शुक्रवारी शेजारच्या खोलीत कुणीतरी मिक्सर लावला. हाल्या कानांवर हात दाबून टेबलाखाली शिरला आणि डोकं टेबलाच्या पायावर आपटू लागला. सगळ्यांनी संगीताबाईंकडे पाहिलं. त्या अर्ध्या उठल्या. मग खाली बसल्या आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरले.

"दक्षाबेन, तुम्ही जा."

दक्षाबेनने मिक्सर बंद करवला. टेबलापासून थोडं दूर, फरशीवर बसली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाकीच्यांचं काम पुन्हा सुरू झालं तरी ती हलली नाही. पुष्कळ वेळाने हाल्या बाहेर आला. हात धुतले, चिकू सोलला, जरा वेळ हातात धरला आणि दक्षाबेनच्या ताटात ठेवला. तिचे डोळे भरून आले. तिने फोडी करायला घेतल्या. संगीताबाईंचं ताट त्या दिवशी रिकामंच राहिलं.

शेवटच्या दिवशी त्या हाल्यासमोर बसल्या.

"आज माझा शेवटचा दिवस. उद्या वापीला जाणार. तुझं काय चुकलं नाय. माझ्या डोळ्यांना दिसत नाय, म्हणून."

हाल्या भिंतीकडे पाहत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "संगीताबाई वापी."

"हां."

"मंगळवार दक्षाबेन."

"हां."

"शुक्रवार दक्षाबेन."

"हां रे, बाबा."

त्याचं समाधान झालं. त्याने टोपली पुढे ओढली आणि सोलायला बसला. एकदा तरी वर बघेल म्हणून संगीताबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पिशवी उचलून बाहेर आल्या.

दक्षाबेन मागोमाग आली. "बोलावू त्याला?"

"नको. काम करतोय तो."

त्या रिक्षात एका कडेला बसल्या. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "अजून कोण यायचंय का?"

"नाय," त्या म्हणाल्या आणि सीटच्या मधोमध सरकून बसल्या. "चला."